ड्रायव्हरवर नजर ठेवणारा कॅमेरा बसवला, पण गाडी खरंच सुरक्षित झाली का?

घाटवाट

मंडळी नमस्कार,

आमचा कोल्हापूर-मुंबई रात्रीच्या स्लीपर गाड्यांचा धंदा आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. गाड्या नऊ. त्यातल्या तीन गाड्यांना यंदा एका व्हेंडरकडून नजर ठेवणारा संच बसवून घेतला. एक कॅमेरा रस्त्याकडे, दुसरा डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या तोंडाकडे, आणि त्याच्याखाली तळहाताएवढा स्क्रीन. डोळे मिटले, मान वळली, मोबाईल कानाला लागला, पुढची गाडी फार जवळ आली किंवा पट्टा ओलांडला, की बीप वाजतो आणि तेवढी क्लिप माझ्या मोबाईलवर येते.

डेमो आमच्या पार्किंगमध्येच झाला. व्हेंडरचा माणूस सीटवर बसला, त्याने डोळे मिटले, यंत्र बोंबललं, सगळे खूश. पत्रकावर "९९ टक्के अचूक" छापलंय.

आता प्रत्यक्षातली गत ऐका. गाडी कराडच्या पुढे गेली की माझ्या मोबाईलवर क्लिपांचा ढीग. दुचाकी आडवी आली, बीप. उंब्रजजवळ उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत मधल्या लेनमधून चाललाय, बीप. सहापदरीकरणामुळे जागोजागी डायव्हर्जन, जुने पांढरे पट्टे अर्धवट खरवडलेले, तिथे तर पट्टा ओलांडल्याचा बीप थांबतच नाही. भरीस भर, व्हेंडरने "फुकटात" त्याच स्क्रीनवर प्रवाशांची यादीही दिली. म्हणजे प्रत्येक पिकअपला कोण चढलं ते ड्रायव्हरनेच टिक करायचं.

परवा एका गाडीच्या तोंडाकडच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवलेली सापडली. ड्रायव्हर म्हणतो, पडली असेल कुणाची तरी. चुलतभाऊ म्हणतो, पगार काप. मला ते तितकं सरळ वाटत नाही, कारण हा माणूस आमच्याकडचा सगळ्यात जुना आणि सांभाळून चालवणारा आहे.

उरलेल्या सहा गाड्यांना हे बसवायचं की नाही, ते दिवाळीच्या गर्दीआधी ठरवायचंय. मार्च २०२५ मध्ये केंद्राने जड वाहनांना झोपेचा इशारा, लेन सोडल्याचा इशारा आणि आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे करण्याचा मसुदा काढला, त्यामुळे आज ना उद्या हे गळ्यात पडणारच. प्रश्न असा आहे की गाडी सुरक्षित झाली की नाही हे मोजायचं कशावर? अपघात कमी झाले का ते बघावं, तर देवाच्या कृपेने अपघात मुळातच एखाददुसरा. यंत्राला प्रमाणपत्र असतं. पण माझ्या ड्रायव्हरचं आणि त्या यंत्राचं रात्री तीन वाजता जमतंय का, ते कोण तपासणार?

स्पष्टबोल

टिकली लावणाऱ्याला घरी बसवा, बाकीचे आपोआप सरळ येतील. चाळीस माणसं मागे झोपलेली असतात राव. बीप कटकट वाटतो म्हणे! कटकट व्हावी म्हणूनच तर तो बसवलाय.

अजिंक्यतारा

स्पष्टबोल, तुम्ही टिकलीला बेशिस्त म्हणताय. आमच्या कामात ती पहिली नोंद असते.

मी मूळची साताऱ्याची, सध्या स्वीडनमध्ये गोथेनबर्गला. गाडीतलं यंत्र आणि ती चालवणारा माणूस यांचं एकमेकांशी जमतं का, याच्या चाचण्या घेणं हे माझं काम. गावी आले की मुंबईहून साताऱ्याला तुमच्यासारख्याच एखाद्या गाडीने जाते, त्यामुळे या प्रश्नात थोडा स्वार्थही आहे.

पार्किंगमधल्या डेमोत यंत्राला मिटलेला डोळा ओळखता येतो एवढंच कळलं. त्याने गाडी सुरक्षित होते का हे कळलं नाही, कारण त्या चाचणीत ड्रायव्हरच नव्हता, व्हेंडरचा माणूस होता.

आधी ते ९९ टक्के घेऊ. समजा आठ तासांच्या रात्रीत यंत्र दर तीन सेकंदांनी एकदा ठरवतं की हा जागा आहे की झोपलाय. म्हणजे ९,६०० निर्णय. शंभरात एक चुकला तर एका रात्रीत ९६ खोटे बीप. यंत्र त्याच्या दहापट चांगलं निघालं, हजारात एकच चूक, तरी रात्रीला दहाएक. आता ड्रायव्हरला खरी डुलकी दहा रात्रींतून एकदा येते असं धरा. मग एका खऱ्या बीपमागे शंभरेक खोटे बीप होतात. आकडे मी हिशेबासाठी धरलेत, तुमचे वेगळे येतील, पण चित्र असंच राहतं. जी गोष्ट क्वचित घडते तिचा इशारा देणारं यंत्र चांगलं असूनही बहुतेक वेळा खोटंच बोलतं. शंभर खोट्यांनंतर आलेल्या खऱ्या बीपला ड्रायव्हर काय करणार? जे आपण सगळे करतो तेच. आपल्याकडच्या नव्या कारना १ जुलै २०१९ पासून ताशी ८० च्या पुढे मिनिटाला एक आणि १२० च्या पुढे सलग बीप सक्तीचा आहे. एक्सप्रेसवेवर त्या ८० च्या बीपने पाय वर घेणारा माणूस मला दाखवा. सीटबेल्टचा बीप बंद करायला तर लोक चक्क पैसे मोजून बेल्टच्या खाचेत अडकवायची क्लिप घेत होते. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आदेश दिले तेव्हा पाच ऑनलाइन दुकानांवरून अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. टिकली ही त्याच घराण्यातली, फक्त स्वस्त.

म्हणून पहिलं काम: आलेल्या क्लिपा फेकू नका. त्या टिकलीवाल्या जुन्या ड्रायव्हरलाच शेजारी बसवा, चहा मागवा आणि एकेक क्लिप बघून ठरवा, बीप खरा, खोटा, की खरा पण बिनकामाचा. हा तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा निघेल. दुचाकी आडवी आली, यंत्राने ओळखली, बरोबर ओळखली. पण ड्रायव्हरने तिला दोन सेकंद आधीच हेरून पाय ब्रेकवर ठेवलेला होता. व्हेंडरच्या हिशेबात हा विजय, ड्रायव्हरच्या कानाला ही कटकट. दर शंभर किलोमीटरला प्रत्येक प्रकारचे किती बीप आणि त्यातले कामाचे किती, हा आकडा मार्गाच्या तुकड्यांप्रमाणे काढा. कराड-सातारा वेगळा, खंबाटकी वेगळी, एक्सप्रेसवे वेगळा. पट्टे पुसलेल्या रस्त्यावर लेनचा इशारा निरुपयोगी ठरला तर त्या टप्प्यात तो बंद ठेवता येतो का, हे व्हेंडरला विचारा.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, आणि ती बहुतेक कुणी करत नाही. चौथ्या गाडीला संच बसवा आणि आवाज पूर्ण बंद ठेवा. यंत्र नोंद घेईल, बोलणार नाही. ड्रायव्हरला हे स्पष्ट सांगा. काही आठवडे तसं चालू द्या, मग आवाज सुरू करा. बीप नसताना तो पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवत होता, हे माहीतच नसेल तर बीपने सुधारलं की बिघडलं ते कशावरून ठरवणार? आवाज सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातले आकडे बघून हुरळून जाऊ नका. नव्याची नवलाई सगळीकडे असते. खरी परीक्षा दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा ड्रायव्हरच्या मनात "झोप लागली तर हे उठवेलच" असं बसायला लागतं.

ही भीती माझ्या मनची नाही. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच मांडलं होतं की काम यंत्राकडे दिलं आणि माणसाला नुसतं लक्ष ठेवायला बसवलं, की ज्या क्षणी माणसाची खरी गरज पडते त्याच क्षणी तो सगळ्यात कमी तयार असतो. २०१६ मध्ये फ्लोरिडात विलिस्टनजवळ टेस्लाची गाडी आडव्या ट्रेलरवर आदळली आणि चालक गेला. तपासात निघालं की स्वयंचलित यंत्रणा ३७ मिनिटं चालू होती आणि त्यात स्टेअरिंगवर हात असल्याची नोंद फक्त २५ सेकंदांची. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: स्टेअरिंगला हात लागतोय म्हणजे लक्ष आहे, असं धरणंच कच्चं. तुमचा कॅमेराही झोप मोजत नाही, पापण्या मोजतो. उघड्या डोळ्यांनी बधिर झालेला ड्रायव्हर त्याला जागाच दिसतो.

झोपेसाठी साधा उपाय म्हणजे विचारणं. आमच्याकडे कॅरोलिन्स्का नावाची नऊ पायऱ्यांची पट्टी वापरतात. १ म्हणजे टक्क जागा, ९ म्हणजे झोपेशी मारामारी चाललीय. प्रत्येक थांब्यावर क्लीनरने विचारायचं आणि वहीत आकडा लिहायचा. मग जिथे आकडा सात-आठ आहे तिथे यंत्र बोललं होतं का, आणि जिथे यंत्र बोललं तिथे आकडा किती होता, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. अट एकच, या आकड्यावरून कुणाचा एक रुपयाही कापायचा नाही. कापला की उद्यापासून सगळे "एक" सांगतील.

आता तो स्क्रीन. प्रवाशांची यादी तिथून आजच काढा, बाकी सगळं नंतर. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की गाडीतलं कुठलंही काम करताना रस्त्यावरून नजर एका वेळी दोन सेकंदांहून जास्त हटू नये आणि पूर्ण कामाला अशी एकूण बारा सेकंदांहून जास्त लागू नयेत. ताशी ८० ला दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर जाते. आमच्या चाचणीत एक चष्मा असतो, त्याच्या काचा दीड सेकंद स्वच्छ आणि दीड सेकंद दुधाळ होतात. रस्ता, स्क्रीन, रस्ता, स्क्रीन अशी नजर फिरते त्याची ही नक्कल. एका ट्रकचालकाचं बोट मला अजून दिसतं. काच दुधाळ झाली की बोट स्क्रीनपासून नखभर वर तसंच थांबायचं, हलायचं नाही. काच स्वच्छ झाली तोवर स्क्रीन आपोआप मुख्य पानावर परत गेलेला. तो निमूटपणे पुन्हा पहिल्या बटणापासून सुरू. चूक त्याची नव्हती, "पाच सेकंद काही दाबलं नाही तर मागे जा" असं ज्याने ठरवलं त्याची होती. आणि तो ठरवणारा स्थिर खुर्चीत बसलेला होता.

इथल्या एका मोटार मासिकाने २०२२ मध्ये धावपट्टीवर ताशी ११० ला अशीच चाचणी घेतली. २००५ ची, साध्या बटणांची व्होल्वो घेऊन चार कामं दहा सेकंदांत उरकली, तेवढ्यात ३०६ मीटर गेले. सगळ्यात वाईट टचस्क्रीनवाल्या गाडीला तशाच कामांना ४४.९ सेकंद लागले, १,३७२ मीटर. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा गोष्टींना प्रत्यक्ष बटण नसेल तर गुण कापायचं ठरवलं, त्याची पार्श्वभूमी हीच.

शेवटचं. तुमच्या संचात पाच वेगळ्या गोष्टींना एकच बीप आहे ना? मग ड्रायव्हरला कारण कळायला स्क्रीनकडे बघावंच लागतं. म्हणजे "रस्त्याकडे बघ" हे सांगणारा आवाजच त्याची नजर रस्त्यावरून काढतोय. ढाब्यावर थांबल्यावर सहज विचारा, मगाचा बीप कशाचा होता? सांगता आलं नाही तर तो बीप नापास. किती जणांना विचारायचं? युरोपातल्या वाहन कंपन्यांनी मिळून केलेल्या एका संहितेत वीस माणसांचा ढोबळ नियम आहे, वीसपैकी वीस पास झाले पाहिजेत. कारण एकूण ड्रायव्हरांपैकी ८५ टक्क्यांनाच जमणारी गोष्ट असेल, तर सलग वीसच्या वीस जण पास होण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी. तुमचे सगळे ड्रायव्हर आणि ओळखीच्या एखाद्या मालकाचे चार, वीस सहज भरतील.

लेलँडवाला

ताईंनी लई बरोबर लिवलंय. मी घाटवाट मालकांकडं नाही, दुसरीकडं चालवतो, पण कॅमेरा आमच्या पण गाडीला हाय.

माझं डोळं जन्मापासून बारीक. हसलो की मिटल्यासारखंच दिसत्यात. क्लीनरनं जोक मारला की बीप. शेंगदाणं तोंडात टाकायला हात वर नेला की मोबाईल म्हणून बीप. रात्रीचं लांबचं ड्रायव्हिंग, तोंड चालू ठिवल्याशिवाय माणूस जागा ऱ्हाईल का? आता शेंगदाणं बी बंद केल्यात, म्हंजे झोप यायला अजून मोकळीक.

अजून एक कुणी बोलत न्हाई. क्लिप मालकाला जाती हे डोक्यात असलं की माणूस रस्त्यापेक्षा त्या डबड्याकडं जास्त बघतो. आत्ता वाजला, गेला का मालकाला, किती कापणार. नवले पुलाच्या उतारावर जिथं दोन्ही डोळं रस्त्यावर पायजेत तिथं माझं अर्धं ध्यान पगारात.

आणि झोपंचं म्हणाल तर खरी झोप तीन ते पाच. त्या टायमाला बीप वाजला तर दचकून जाग येती, पाच मिनिटात परत तेच. बीपनं झोप जात न्हाई, पुढं ढकलती. गाडी बाजूला घिऊन पंधरा मिनिटं पडायला मिळालं तर जाती. पण टायमिंग चुकलं की पाशिंजर मोबाईल काढून शूटिंग करतंय आणि आफिसातनं फोन. तवा बीप वाजल्यावर मी करायचं काय, हे यंत्रात लिवलंय का कुठं?

अजिंक्यतारा

लेलँडवाला दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या इथल्या बैठकीत नेणार आहे. इशाऱ्यानंतर माणसाच्या हातात करण्यासारखं काही नसेल तर तो इशाराच नव्हे, ती मालकासाठी पावती झाली.

कायद्याचंही सांगते. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती द्यायची, हे त्यात तेव्हापासून लिहिलेलं होतं.

स्पष्टबोल

मान्य, घरी बसवू नका. पण क्लिप मालकाकडे गेलीच नाही तर मोबाईलवर गप्पा मारत चालवणारा सापडणार कसा? सगळेच काही लेलँडवाल्यांसारखे नसतात.

घाटवाट

स्पष्टबोलांचा मुद्दा मलाही पटतो. काल चुलतभावाशी बसून ठरवलं ते असं: मोबाईल कानाला लावल्याची क्लिप माझ्याकडे येईल आणि त्यावर कारवाई होईल, पण आधी आम्ही दोघांनी बघून, यंत्राच्या शब्दावर नाही. शेंगदाणे सुटले. झोप, अंतर आणि लेन यांच्या क्लिपा पगाराशी जोडायच्या नाहीत. त्या बघायला आमचे टिकलीवालेच बसणार, ते सांगितल्यावर गडी लाजला, पण तयार झाला. यादी क्लीनरच्या मोबाईलवर गेली. चौथी गाडी मुकी ठेवून सोडतोय. तीन ते पाचमध्ये बीप वाजला तर पंधरा मिनिटं थांबायची मुभा, आणि उशीर झाला तर प्रवाशांना ऑफिसमधून मेसेज जाईल, ड्रायव्हरला फोन जाणार नाही. यावरून घरात वाद झाला, कारण आमच्या धंद्यात पहाटे बोरिवलीला वेळेत पोचणं हीच जाहिरात.

ताई, एक अडचण. व्हेंडर म्हणतो, आवाज बंद करून नोंद घेण्याची सोय "सिस्टिममध्ये नाही", आणि सगळ्या नोंदी देता येणार नाहीत, फक्त महिन्याचा गुणांचा तक्ता मिळेल. ड्रायव्हरला १०० पैकी ७२ वगैरे.

अजिंक्यतारा

आवाजाचं सोपं आहे. स्पीकरची वायर बहुतेक संचांत वेगळी असते, तुमच्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. मात्र वॉरंटीवरून भांडण नको म्हणून व्हेंडरला आधी लेखी कळवा, आणि स्क्रीनवर चमकणारा दिवाही झाका, नाहीतर गाडी मुकी झालीच नाही.

नोंदींच्या बाबतीत मात्र मागे हटू नका. ७२ गुण म्हणजे काय? उसाच्या हंगामात कराड-सातारा जास्त चालवणाऱ्याला कमी गुण पडणार आणि एक्सप्रेसवेवाल्याला जास्त, ड्रायव्हिंग दोघांचं सारखंच असलं तरी. सहा गाड्यांची ऑर्डर अजून तुमच्या हातात आहे. करारात लिहून घ्या: प्रत्येक बीपची वेळ, ठिकाण, प्रकार, गाडीचा वेग आणि क्लिप, हे सगळं साध्या एक्सेल फाईलमध्ये दर आठवड्याला. शिवाय प्रत्येक प्रकाराला वेगळा आवाज, आणि सॉफ्टवेअर बदललं की आधी कळवणं. नाही म्हणाला तर दुसरा व्हेंडर बघा.

पहिल्या महिन्याच्या नोंदी आल्या की इथेच टाका, गाड्यांचे नंबर आणि ड्रायव्हरांची नावं काढून. वर्गवारी कशी करायची ते मी रविवारी बसून दाखवते.